मुजावर सरांच्या चालत्या चौकटी

उमरग्याच्या आमच्या कॉलेजात मुजावर सरांसमोर काही बोलायची सोय नव्हती. तुम्ही काहीही बोला, ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "चालवून दाखवा."

मूळची ही कॉम्प्युटरच्या वर्गातली भाषा. पोरगं म्हणालं, सर, माझा प्रोग्रॅम बरोबर आहे, की सर म्हणणार, चालवून दाखव. इथवर ठीक. पण तास संपला तरी सरांचं ते वाक्य काही संपायचं नाही. कुणी म्हणालं, हायवेवर नवीन हॉटेल झालंय, भजी फक्कड मिळतात, की सर लगेच, "चालवून दाखवा." मग त्या बिचाऱ्याला सरांना तिथं नेऊन भजी खाऊ घालावी लागायची. खेळाच्या सरांनी एकदा स्टाफरूममध्ये बढाई मारली, तरुणपणी मी हातांवर चालायचो म्हणून. झालं! सरांनी स्वतः टेबल बाजूला सरकवलं. खेळाचे सर दोन पावलं चालले आणि कपाटावर जाऊन आदळले. पुढं कितीतरी दिवस ते मान धरून हिंडत होते आणि मुजावर सर रोज त्यांना विचारत होते, "आता कसंय?" चेष्टेनं नाही हो, मनापासून. तेच तर जास्त झोंबायचं.

मी मराठीची. एकदा मी सहज म्हणाले, आज कविता इतकी रंगली, पोरं रडायच्या बेतात आली होती. सर खुर्ची ओढून समोर बसले. "चालवून दाखवा म्याडम." मी पण हट्टाला पेटले. सगळी कविता म्हणून दाखवली, आवाज बिवाज लावून. सरांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "लई भारी. पण मला रडू न्हाय आलं. कुठंतरी बग असंल, म्हंजे प्रोग्रॅममधली चूक." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते डब्यातली शेंगाची पोळी माझ्यासमोर सरकवून म्हणाले, "म्याडम, रात्री ती कविता परत आठवली. चालली बरं का." आता अशा माणसावर किती दिवस रागावणार?

सर उंच, किडकिडीत. बाराही महिने फिकट निळा सफारी. गळ्यात काळ्या दोऱ्यात पेनड्राइव्ह आणि लॅबची किल्ली. त्यांच्या तीन भाषा होत्या. पोरांशी आपली उमरग्याची मराठी, प्राचार्यांशी अर्जातली मराठी, आणि मशीनशी दखनी. लॅबवरून जाताना आतून "चल मेरे भाई, चल, तू तो शहाणा है ना" असं ऐकू आलं की समजायचं, कुठला तरी कॉम्प्युटर अडून बसलाय. पोरांवर ते कधी ओरडले नाहीत. उलट पोराचा प्रोग्रॅम बिघडला की त्यांचा चेहरा खुलायचा. "वा!" म्हणायचे, "आता खरा तास सुरू झाला." पोरं म्हणायची, आमचे सर चुकलं की खूश होतात आणि बरोबर आलं की संशय घेतात.

आता ते निवृत्त होऊन हैदराबादला लेकीकडं असतात. पण कॉलेजात अजून कुणी फुशारकी मारली की आम्ही एकमेकांकडं बघतो आणि हसतो. म्हणून म्हटलं, त्या जर्नलाची हकीकत एकदा नीट सांगून टाकावी.

जर्नल म्हणजे काय, ते आधी सांगते. सायन्सच्या पोरांना प्रॅक्टिकलची वही लिहावी लागते, तिला जर्नल म्हणतात. कॉम्प्युटरच्या पोरांनासुद्धा! म्हणजे जो प्रोग्रॅम मशीनवर करायचा, तो हातानं, पेनानं, रेघांच्या पानावर उतरवायचा आणि शेजारच्या कोऱ्या पानावर त्याचं उत्तर पेन्सिलीनं चौकोन आखून लिहायचं. आता पोरं काय करणार? गेल्या वर्षीच्या पोराचं जर्नल आणायचं आणि मुंडी खाली घालून उतरवायचं. गेल्या वर्षीच्यानं त्याच्या आधीच्याचं उतरवलेलं. शिक्षक वजन बघून सही करणार. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मुजावर सर आले आणि त्यांनी ती जर्नलं वाचली. अहो, वाचली! हा प्रकार आमच्याकडं नवीन होता.

एक प्रोग्रॅम असा होता की कॉम्प्युटर तुमचं नाव विचारतो, तुम्ही नाव लिहायचं आणि तो तुम्हाला नमस्कार घालतो. बस. पहिल्याच जर्नलात उत्तर होतं, 'नमस्कार गणेश'. दुसऱ्यात 'नमस्कार गणेश'. तिसरं जर्नल मुस्कान नावाच्या मुलीचं. त्यातही 'नमस्कार गणेश'. सरांनी मुस्कानला बोलावून विचारलं, "बेटा, तू गणेश कधीपासनं?" ती रडायलाच लागली. सरांनी तिला पाणी दिलं आणि जुन्या जर्नलांचं कपाट उघडून बसले. मागच्या वर्षी गणेश. त्याच्या मागच्या वर्षी गणेश. कपाटाच्या तळापर्यंत गणेशच. शेवटी हेडक्लार्कनं आठवून सांगितलं की एक गणेश होता खरा, आता त्याचं हायवेला टायरचं दुकान आहे.

सर संध्याकाळी स्कूटर काढून निघाले. माझं घर त्याच वाटेवर, म्हणून मी मागं बसलेली. मला वाटलं, दुरूनच बघून पुढं जातील. पण सर थेट दुकानात शिरले.

"गणेश तुम्हीच का?"

"व्हय. काय पंक्चर हाय का?"

"न्हाय. अभिनंदन करायला आलोय. तुम्ही अजून दरवर्षी आमच्या कॉलेजात पास व्हायलाव."

गणेशला आधी काही कळेना. सरांनी सगळं समजावून सांगितल्यावर त्याचं तोंड उतरलं. पोटाला बांधलेल्या कापडाला हात पुसत तो म्हणाला, "सर, आता इतक्या वर्सांनी खोटं कशाला बोलू? तो प्रोग्रॅम म्या बी चालवला न्हवता. त्या दिशी लाईटच न्हवती. उत्तर म्या मनानंच लिवलं."

सर मटकन टायरवर बसले. मला हसू आवरेना आणि सरांच्या चेहऱ्याकडं बघून हसताही येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो प्रोग्रॅम जर्नलात होता तसाच मशीनवर उतरवून चालवला. चालला नाही. पहिल्याच ओळीत चूक होती. म्हणजे आमच्या कॉलेजात इतकी वर्षं इतकी पोरं जो नमस्कार उतरवून पास झाली, तो आजवर कुणाला घातलाच गेला नव्हता!

त्याच दिवशी सरांनी जाहीर केलं की आपल्या वर्गात जर्नल बंद.

मग जर्नलाच्या जागी काय? सरांच्या डोक्यात एक भलतंच खूळ होतं. ते त्यांनी सगळ्यात आधी मला सांगितलं. कारण काय म्हणे, "तुम्हाला समजलं तर कुणालाबी समजंल." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

"म्याडम, टेक्स्ट एडिटर म्हणजे नुसतं लिहायचं पान," सर म्हणाले. "आणि एक्स्टेंशन म्हणजे त्याला वरनं जोडायचं सामान. तुमच्या मिक्सरवानी. मोटर एकच, वर चटणीचं भांडं लावा न्हायतर ज्यूसचं. आता मला काय पायजे? पोरानं पानावर आपल्या भाषेत लिहावं, मला काय करायचंय, कसं करायचंय. मधीच एक चौकट. चौकटीत प्रोग्रॅम. बटन दाबलं की तिथल्या तिथं चौकट चालावी आणि उत्तर चौकटीच्या खाली यावं. लिहिणं आणि चालवणं एकाच पानावर. मग कुणाचा बाप गणेशला नमस्कार घालतोय बघू!"

"मग असं मिळत नाही का तयार?"

"मिळतंय की. पण आपल्या लॅबमधली मशीन बघितली का? ते घातलं की बसकण मारतेत."

म्हणून सरांनी तीन छोटी एक्स्टेंशन गोळा केली. एकाला पानातली चौकट ओळखता यायची. दुसऱ्याला चौकटीतलं चालवता यायचं. तिसऱ्याला आलेलं उत्तर पानावर चिकटवता यायचं. तिघंही तीन घरचे, एकमेकांचं तोंड न बघितलेले. त्यांचा संसार जुळवण्यात सरांची उन्हाळ्याची सगळी सुट्टी गेली. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखालच्या त्या लॅबमध्ये घामानं निथळत सर बसलेले आणि मशीनला सांगतायत, "अरे बाबा, तू उसकी बात तो सुन! वो क्या बोल रहा, सुन तो!" पण जूनमध्ये पोरं आली तेव्हा पान तयार होतं. सेव्हचं बटन दाबलं की आपण ज्या चौकटीत असू ती चालायची.

आणि पोरं लिहायला लागली हो! माकणीची शुभांगी म्हणून एक मुलगी होती. रोज एसटीनं येऊन जाऊन करायची. तिनं चौकटीच्या वर लिहिलं होतं, 'माझ्या मते उत्तर चाळीस येईल.' चौकटीखाली उत्तर भलतंच. आणि त्याच्या खाली तिनं लिहिलं होतं, 'आले नाही. का ते शोधते.' सरांनी ते पान स्टाफरूममध्ये आणून मुशायऱ्यात म्हणावं तसं आम्हाला दोनदा म्हणून दाखवलं. "आले नाही! का ते शोधते! म्याडम, अहो जर्नलात आजवर कुणी लिहिलंय का, आले नाही म्हणून?" त्यांचे डोळे भरले होते. माझ्या कवितेला समोरासमोर जे जमलं नाही ते त्या पोरीच्या एका ओळीनं केलं. मला थोडा राग आलाच.

मग सरांना चौकटीचं वेडच लागलं. वेळापत्रक चौकटीत, स्कूटरचं पेट्रोल चौकटीत. ईदला त्यांनी आम्हा सगळ्यांना शीरखुर्म्याला बोलावलं, तर घरी शीरखुर्माही चौकटीत! पानावर सगळी कृती, मध्ये चौकटी. वरच्या चौकटीत पाहुणे किती ते लिहायचं, खालच्या चौकटीत दूध, शेवया, साखर किती ते येणार. यातली खुबी अशी की वरच्या चौकटीतला आकडा बदलला तर ती चौकट आधी चालवावी लागते. नाहीतर मशीन मागचाच आकडा धरून बसतं. पोरांना सर हे रोज बजावायचे, "वरनं खाली या. मधनं घुसू नका." आणि स्वतः घाईत मधून घुसले. मशीनच्या डोक्यात अजून पुतण्याच्या लग्नाचे, मागच्या वेळी घातलेले पाहुणे होते. दुधाचं माप भाभींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, आपल्या अंदाजानं घेतलं, पण साखर सरांनी स्वतः पडद्यावर बघून मोजली. लग्नाची साखर आणि दूध आम्हा सात-आठ जणांचं.

पहिला घोट घेतला आणि माझे दात शिवशिवले. भाभी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. "मी सांगत हुते त्यास्नी," त्या म्हणाल्या, "पण तुमचा कंप्युटर म्हणतोय म्हणलं तर मी कोण बोलणारी?" सरांनी मात्र सगळी वाटी संपवली, ओठ पुसले आणि गंभीरपणे म्हणाले, "चूक चौकटीची न्हाय. माझीय." भाभी आत जाऊन पोट धरून हसल्या, तो आवाज बाहेर आम्हाला ऐकू येत होता.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. पण शेवटच्या वर्षाच्या पोरांची परीक्षा जवळ आली आणि प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. सोबत मलाही, कारण प्रॅक्टिकलला लॅबमध्ये सुपरवायझर मीच होते. प्राचार्य स्वभावानं भित्रे, पण माणूस वाईट नव्हता.

"मुजावर सर, बाहेरून परीक्षक येतात. ते जर्नल मागतात. जर्नलावर त्यांची सही नाही झाली तर प्रॅक्टिकलचे मार्क नाहीत. मार्क नाहीत तर अख्ख्या वर्गाचं वर्ष गेलं. अजून वेळ आहे. पोरांना म्हणा, बसा आणि उतरवून काढा."

"कशावरून उतरवतील साहेब? गणेशवरून?"

"कुणावरूनही उतरवू द्या! ती माकणीची मुलगी, तिला पुण्यात नोकरी लागलीय ना?"

लागली होती. निकालाच्या अटीवर. शुभांगीच्या घरात आजवर कुणी पुणं बघितलं नव्हतं.

"पोरं चालवून दाखवतील साहेब," सर म्हणाले.

"आणि नाही चाललं तर?"

 सरांचा चष्मा कपाळावर गेला, परत खाली आला. "तर पोरांचं वर्ष मी कुठनं भरून देणार?" ते हळूच म्हणाले. "चालायलाच पायजे." केबिनमधून बाहेर पडले ते थेट लॅबकडं गेले.

परीक्षेच्या दिवशी सोलापूरहून परीक्षक बाई आल्या त्या गाडी करून, आणि गाडीत त्यांच्या सासूबाई. मांडीवर ओटीच्या सामानाची पिशवी. बाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं की परत जाताना नळदुर्गाहून वळून तुळजापूरला देवीचं दर्शन करायचंय, तेव्हा दुपारच्या आत आटपायचं. सासूबाईंना स्टाफरूममध्ये बसवलं, चहा दिला आणि आम्ही लॅबमध्ये आलो. पोरं आपापल्या मशीनसमोर ताठ बसलेली.

"आणा जर्नलं," बाई पेनाचं टोपण काढत म्हणाल्या.

"जर्नल न्हायत म्याडम," सर म्हणाले. "पोरं चालवून दाखवतील."

बाईंनी प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्यांनी छताकडं बघितलं.

"म्हणजे जर्नलच नाही? मग मी सही कशावर करू?"

"आधी बघा तर खरं. शुभांगी, कर सुरू. सोप्यापासनं."

शुभांगीनं पान उघडलं आणि तोच नमस्काराचा प्रोग्रॅम लिहिला, चौकटीत आपलं नाव घातलं. सगळ्या पोरांनी तेच केलं. चौकटीच्या खाली उत्तर आलं, 'नमस्कार शुभांगी'. मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात त्याच्या खाली आणखी एक, 'नमस्कार शुभांगी'. मग आणखी एक. मग धडाधड. पान आपोआप खाली पळायला लागलं. शेजारी 'नमस्कार इरफान, नमस्कार इरफान'. त्याच्या पलीकडंही तेच. बघता बघता लॅबमधलं एकूण एक मशीन आपापल्या पोराला नमस्कारावर नमस्कार घालत सुटलं आणि थांबायचं नावच घेईना.

 प्राचार्य भिंतीला टेकले. मुजावर सरांचा चेहरा पांढराफटक पडलेला मी बघितला. एक क्षणच. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टाळी वाजवली आणि म्हणाले, "वा!"

"काय वा? हे काय चाललंय?" परीक्षक बाई.

"म्याडम, आजचा पेपर हाच. पोरांनो, कुणी बंद करू नका. हे का थांबत न्हाय ते मला सांगा. सांगा बरं!"

"परीक्षा मी घेणार आहे," बाई कडक आवाजात म्हणाल्या.

"घ्या की. तुम्हीच विचारा. मी गप उभा राहतो."

आणि सर खरंच हाताची घडी घालून उभे राहिले. बाई रागानंच शुभांगीच्या मशीनकडं वाकल्या. वाकल्या त्या वाकल्याच. शेवटी त्याही कॉम्प्युटरच्याच. अडलेलं कोडं समोर दिसल्यावर त्यांच्या हातातलं पेन बाजूला गेलं. "कुणाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"व्हायरस असंल म्याडम," इरफान म्हणाला.

"चालवून दाखव तुझा व्हायरस," सरांना राहवलं नाही.

"सर, तुम्ही गप राहणार होता ना?" बाई म्हणाल्या, आणि वर्ग पहिल्यांदा हसला.

शुभांगी पडद्याला नाक लावून बसली होती. "म्याडम," ती म्हणाली, "उत्तर आलं की पान बदलायलंय."

"बरं. पान बदललं की?"

"ते आपोआप सेव्ह व्हायलंय," मागून कुणीतरी म्हणालं. "काल हे नव्हतं. काल आपण हातानं सेव्ह करायचो."

"आणि सेव्ह झालं की चौकट चालती, हे तर पहिल्यापासनंच हाय," इरफान उठून उभा राहिला. "चौकट चालली की उत्तर येतंय. उत्तर आलं की पान बदलतंय. अरे देवा, मग हे थांबंल कसं?"

झालं असं होतं. परीक्षेत मध्येच लाईट गेली तर पोरांचं लिहिलेलं जाऊ नये, या काळजीनं सरांनी आदल्या संध्याकाळी चौथं एक्स्टेंशन जोडलं होतं. पानावर काही बदललं की आपोआप सेव्ह करणारं. तीन घरच्यांचा संसार सुखात चालला होता, त्यात हा चौथा पाहुणा. आणि मग ज्यानं त्यानं आपापलं काम चोख केलं, म्हणून हा गोंधळ.

"मग आता यातलं कुणाला काढायचं?" बाईंनी विचारलं आणि पदर खोचून सरळ पोरांच्या बाकावर बसल्या.

मग काय भांडणं सुरू झाली म्हणता! इरफान म्हणाला, चौथ्याला हाकला. दुसरी पोरं म्हणाली, आणि लाईट गेली तर? सेव्हबरोबर चौकट चालायची बंद करा, वेगळं बटन दाबूनच चालू दे. बाईंनी एकेकाला करायला लावलं. करून दाखव, थांबतंय का बघू, का थांबलं सांग. दार ढकलून सासूबाई आत आल्या, "अगं, देवीचं कवा व्हायचं?" तर बाई म्हणाल्या, "आई, पाचच मिनिटं." सासूबाई पडद्याकडं बघत राहिल्या. "हे कुणाला नमस्कार घालायलंय इतकं?" इरफाननं त्यांचं नाव विचारून चौकटीत घातलं. 'नमस्कार सरस्वती' आलं, तसं म्हातारीनं पिशवी खाली ठेवून मशीनला दोन्ही हात जोडले. त्यांना स्टूल दिलं, त्या बसल्या आणि मग उठायचं नावच घेईनात.

शेवटी शुभांगी म्हणाली, "म्याडम, कुणालाच काढायला नको. उत्तर चिकटवणाऱ्याला सांगायचं, आधीचं उत्तर बघ. तेच असंल तर पानाला हात लावू नको. मग पान बदलणारच न्हाय, म्हणजे पुढचं काय व्हणारच न्हाय."

"कर," बाई म्हणाल्या.

तिनं केलं. नमस्कार एकदा आला आणि पान गप बसलं.  परीक्षक बाईंनी शुभांगीच्या पाठीवर हात ठेवला आणि मग त्यांना आपण कशाला आलो ते आठवलं. "पण मी सही कशावर करू? नियमात जर्नल लिहिलंय. मी काय पडद्यावर सही करू का?"

 सरांनी मान खाली घातली. आणि काय सांगू, आमचे ते भित्रे प्राचार्य घसा खाकरून पुढं आले. "म्याडम, नियमात जर्नल लिहिलंय हे खरं. पण ते पेनानं लिहावं असं कुठं लिहिलंय?"

बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "नाही लिहिलेलं."

मग प्रत्येक पोरानं आज काय बिघडलं, का बिघडलं, आपण काय केलं ते पानावर लिहिलं, चौकटी चालवल्या आणि छापून काढलं. आमचा प्रिंटर रडत कढत एकेक पान सोडत होता. बाईंनी प्रत्येक पान वाचलं, प्रश्न विचारले आणि प्रत्येकावर सही केली. गाडी निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. सासूबाई जाताना सरांना म्हणाल्या, "मास्तर, देवीचं दर्शन आता आरतीला व्हईल. पर करमलं बगा."

पोरांचं वर्ष वाचलं. मला इतका आनंद झाला होता की मी पेढे आणायला शिपायाला पाठवलं आणि सरांना शोधत लॅबमध्ये आले. सर खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. हातातला चहाचा कप तिरका झालेला, चहा सफारीवर सांडत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"सर! काय झालं? बरं वाटत नाही का?"

"म्याडम, कालचं ते चौथं मी चालवून बघितलंच न्हाय हो," सर म्हणाले. "एका पानावर बघितलं, त्या पानात चौकटच नव्हती. मी! मी न बघता सोडलं."

"अहो पण तुम्ही काय झकास सावरलंत! आजचा पेपर हाच म्हणालात, तिथंच मी ओळखलं की सरांना सगळं माहीत आहे, मुद्दाम पोरांना विचारतायत."

सरांनी माझ्याकडं बघितलं. तसे त्यांचे डोळे मी आधी कधी बघितले नव्हते.

"मला काहीच म्हाईत नव्हतं," ते म्हणाले. "ते पळायला लागलं आणि माझं डोकं बंद पडलं. समोर शुभांगी दिसायली, तिची नोकरी दिसायली. मला अक्षर सुचंना. मी त्यांची परीक्षा घेतली न्हाय म्याडम. मी पोरांना मदत मागितली."

 मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. सरांनी उठून नळावर तोंड धुतलं, रुमालानं पुसलं, चष्मा लावला आणि खाली गेले.

मी वर लॅबच्याच खिडकीत उभी होते. फाटकासमोर माकणीची एसटी लागली होती आणि पोरं तिच्याभोवती घोळका करून उभी होती. सर त्या घोळक्यात शिरले. शुभांगी त्यांना काहीतरी सांगत होती, हवेत बोटानं गोल काढून दाखवत होती, आणि सर मान खाली घालून, कान पुढं करून ऐकत होते. कंडक्टरनं घंटी मारली. ती चढली, आणि तिच्या मागोमाग सरही चढले.

"सर, अहो सर!" मी वरून ओरडले. "तुम्ही कुठं निघालात?"

सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "थांबा म्याडम," ते म्हणाले, "मला अजून समजलं न्हाय, ती सांगायलीय!"

गाडी वळून माकणीच्या रस्त्याला लागली. सरांचं घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत होतं.